आभाळाला सातबारा नसतो

मित्रांनो, मी एक जुनं हेलिकॉप्टर. चार माणसांचं. मला बनवलं परदेशात, पण माझं आयुष्य गेलं ते भिवंडीच्या लग्नांत. गोदामांना जमिनी दिलेल्या शेठलोकांनी नवरदेव घोड्यावरून उतरवून माझ्यात बसवला. मी शेतात उतरलो की गाव पळत यायचं. म्हातारी माणसं मला हळदकुंकू लावायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मला चालवायची मृणाली. तिची एक सवय होती. रोज सकाळी आधी आभाळाचा कागद वाचायचा. कुठलं आभाळ किती वाजेपर्यंत बंद, ते नकाशावर पेन्सिलीनं गोल करून ठेवायचं. मगच माझ्या पंख्याला हात. तुमच्या घरांवरचं मोकळं आभाळसुद्धा अधूनमधून काही तासांसाठी बंद करतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तिथे ना फाटक, ना दोरी. कागद वाचला तरच कळतं.

त्या दिवशी दिघाशीच्या कुणालचं लग्न होतं. मांडव मानकोलीला, मुहूर्त बारा वीसचा. आणि नेमकं मानकोलीवरचं आभाळ दहा ते एक बंद. का? तर एका बड्या पुढाऱ्याचा दौरा. एका माणसासाठी सगळं आभाळ अडवायचं, याची मलाही चीड येते. पण चीड आली म्हणून आत घुसायचं नसतं. आत पहाऱ्याची हेलिकॉप्टरं कमी उंचीवरून फिरत असतात आणि आपण येतोय हे त्यांना माहीत नसतं.

मृणालीनं सकाळी सातलाच सांगितलं होतं, सव्वानऊला निघू. पण आगरी घरातली हळद ती! पहाटेपर्यंत नाचलेले लोक नवरदेवाला घेऊन बाहेर पडले तेव्हा दहाला आठ मिनिटं कमी होती, आणि मानकोलीला पोचायला दहा मिनिटं लागतात.

मृणालीनं किल्ली काढून खिशात टाकली. "आता मानकोली नाही. अलीकडच्या शेलार गावात उतरवते, पुढे गाडीनं जा."

नवरदेवाचे वडील महादूशेठ भडकले. "अगो पोरी, कलेक्टरचा कागद हाय माज्याकरं! जमीन माजी, मांडव माजा. वरचा आभाल काय भाड्यानी आनलाय?"

"काका, तो कागद उतरायच्या जागेचा आहे. जमिनीला सातबारा असतो, आभाळाला नसतो."

"दोन मिन्टांनी काय व्हतंय?" कुणालचा मामा हरेश ओरडला. "बाई हाय, घाबरली. आपला रिक्षावाला पन हिच्यापेक्षा डेरिंगबाज!"

मागच्या सीटवर फुलांची पाटी घेऊन बसलेली कुणालची कमळाआत्या म्हणाली, "हरेश, तू त झोपाल्यावरशी पन पडतोस. गप ऱ्हा."

महादूशेठनी माझ्या मालकाला फोन लावून तो मृणालीच्या हातात दिला. मालक म्हणाला, "मॅडम, आपलीच माणसं आहेत. जा ना पटकन. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मृणाली म्हणाली, "नाही येणार. पण आजही आत जाणार नाही."

मग आत्यानं विचारलं, "गावदेवीवरशी तरी फिरवशील ना, बाय?"

"ते आभाळ उघडं आहे, आत्या. तीन फेऱ्या मारते."

तीन फेऱ्या मारल्या, आत्यानं फुलं टाकली. मग शेलार. पण पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी रस्तेही अडवलेले. मुहूर्त वीस मिनिटांनी हुकला. भर मांडवात महादूशेठनी सगळा दोष मृणालीला दिला आणि संध्याकाळी मालकानं तिला काढलं. तिच्या बाजूनं एक माणूस बोलला नाही. आत्याही नाही.

त्या दिवशी बंद आभाळात शिरलो असतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. खरं सांगणाऱ्या माणसाची हीच गोची असते. अपघात टळला की तो टळला हे कुणाला दिसतच नाही.

नवा पायलट 'हो' म्हणणारा होता. महिन्याभरात दुसरं लग्न, पुन्हा बंद आभाळ, पुन्हा दोन मिनिटं. समोरून पहाऱ्याचं हेलिकॉप्टर आलं. पायलटनं ते चुकवायला मला असं वाकडं वळवलं की मी भाताच्या खाचरात आपटलो. शेपूट तुटलं. माणसं वाचली ती केवळ नशिबानं. पायलटचं लायसन्स गेलं. मला हायवेवरच्या ढाब्याला विकलं. आता माझ्यात बसून लोक मिसळ खातात. मृणाली कुठे आहे, मला माहीत नाही. पण तिचं लायसन्स शाबूत आहे, तेव्हा उडत असेल.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. पत्र्याला काळजी नको असते. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला जपा. उद्या तुमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणेल, ब्रेक लागत नाही, मी गाडी काढणार नाही. उशीर होईल, मोठी माणसं त्याच्यावर ओरडतील. तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.