पदरचं वाक्य

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेरी एका डाळमिलच्या भाड्याच्या गोदामात होती आणि तिथं पंचशीला टायपिस्ट होती. हात चांगला. मन मात्र जागेवर नसे आणि जिथं जाई तिथून थेट कागदावर उतरे. असं:

महोदय, आपल्या तालुक्यातील टंचाईग्रस्त गावांची माहिती तातडीने सादर करावी, आज तरी नळाला पाणी येईल का, विलंब झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल.

उदगीरकडच्या एका साहेबानं उलट टपाली कळवलं, आमच्याकडेही आलेलं नाही.

हेडक्लार्क आप्पासाहेब हसले नाहीत. सोमवारी मी स्वतः मजकूर सांगणार, म्हणाले. त्यात एक जरी वाक्य पदरचं निघालं, तर नोकरीत कायम होण्याचं विसरायचं.

पंचशीला रडवेली होऊन औशाला मावशीकडे गेली. भामामावशीनं सगळं ऐकलं, हातात गोफण दिली आणि तिला ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर चढवलं. दुष्काळात विहिरीकाठचा तेवढाच तुकडा हिरवा. शिवारातली सगळी पाखरं तिथंच पंगतीला. पंचशीलानं ज्वारीवर अशी नजर रोखली की डोळ्यांना पाणी आलं. पाखरं मागच्या बाजूनं खाऊन गेली.

"आगं, परीक्षा हाय का ही?" मावशी खालून म्हणाली. "नुस्तं बसून ऱ्हा. पाखरू आलं की कळतंय."

मग ती नुसती बसली.

वारा. कणसं. (सोमवार.) वारा. विहिरीवर पारवा. (सोमव)

कणसं.

मन कुठंही गेलं तरी खाली कागद नव्हता. जायचं, हिंडायचं, कंटाळून परत यायचं. परत आलं की समोर पाखरू असायचं आणि गोफण सुटायची. संध्याकाळी भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

सोमवारी लाइट गेली. गोदामात अंधार, म्हणून टेबल मशीनसकट आवारातल्या चिंचेखाली आलं. जिल्हा झाल्यापासून आप्पासाहेब पहिल्यांदाच उघड्यावर बसले होते. ते सांगू लागले. पंचशीलाची बोटं चालली, कान त्यांच्या तोंडाशी. वर फांद्यांत सातभाई पाखरं भांडत होती. आप्पासाहेबांनी एकदा वर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. आवाज जरा मऊ झाला.

कागद मशीनमधून निघाला. त्यांनी वाचला:

पाणीपुरवठ्याचा अहवाल विहित मुदतीत पाठवावा, आमच्या बांधावरचा आंबा यंदा मोहरलाच नाही, आई असती तर धुण्याचं तरी पाणी घातलं असतं, यात कसूर होता कामा नये.

"हे काय?"

"तुम्हीच बोल्लात, साहेब."

"मी?"

"हाव."

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. तिला नापास करावं, तर आंबा तिचा ठरत होता. पास करावं, तर बावचळलेपण त्यांचं. आंबा दुसऱ्याच्या नावावर करायला जीव होईना.

त्यांनी कागदाखाली 'अचूक' लिहिलं, सही ठोकली आणि खुर्चीत मागं रेलले.

"दुसरा कागद लावा," ते म्हणाले. "लई गोड होता तो आंबा. लिहून घ्या."