कापसाची गोळी

जावयानं सासुरवाडीस यावं, पाटावर बसावं, दोन घास जास्त जेवावेत आणि सुपारी चघळत आपल्या वाटेनं जावं. गंगाकाकूंचे जावई यांतलं काहीच करत नसत. देवव्रतराव उजाडता उजाडता रेल्वे कॉलनीतून स्कूटरवर यायचे, ती गल्लीच्या तोंडाशी लावायचे आणि घरात न डोकावता थेट दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरायचे. तिथं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, विलायती गळकाठी घेऊन पाण्यात उभे. वेदपाठ्यांच्या घरचा जावई आणि हातात गळ. काठगोदामला बदली असताना कुणा साहेबानं ही विद्या शिकवलेली. पिसं नि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, पाण्यावर भिरकवायची, मासा फसला की ओढायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा.

"खात थोडेच आहेत आई, सोडून देतात," नीरजा नवऱ्याची बाजू घ्यायची.

"तेच तर म्हणते. नाववाला मल्लाह मारतो तो पोटासाठी. हे कशासाठी छळतात, विचार तुझ्या यजमानांना."

विचारायचं ते नीरजेनं, कारण जावयाला तोंडावर बोलायचं नाही ही काकूंच्या घरची रीत. ज्यांच्या जिभेला अख्खा मोहल्ला वचकून असे, त्या काकू जावयापुढे ओठ मिटून राहत, आणि न बोललेलं सगळं त्यांच्या छातीत जळजळत राही.

एरवी तेही गिळलं असतं. पण यंदा नीरजा बाळंतपणाला माहेरी आली होती. याआधी दोनदा तिची कूस अवेळी रिकामी झालेली. म्हणून काकूंनी नवस बोलला: चैत्रपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज परातभर रामनामाच्या गोळ्या माशांना घालीन. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. सुबक येत ती दोनच अक्षरं, रा आणि म. ती कागदाच्या कपट्यावर लिहायची, कपटा कणकेत वळायचा आणि परात घेऊन घाट उतरायचा. गोळी माशानं खाल्ली तर रामाला पोचली. एखाद्या दिवशी सगळीच परात गाळात बसली, तर नवस मोडला.

पाडव्याला मासे कसे आले होते! काकूंचं पाऊल वाजलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. वर्षानुवर्षांची ओळख ती. मग जावयांची फेरी सुरू झाली आणि मासे दिवसेंदिवस कमी होत गेले. अष्टमीला दोन-चारांनी कशाबशा गोळ्या उचलल्या.

आज नवमी. माध्यान्हीला रामजन्म, त्याआधी परात रिकामी व्हायला हवी होती. काकू खाली आल्या तेव्हा देवव्रतराव गुडघाभर पाण्यात उभे होते.

"आई, मासेमारीचे दिवस खरे हेच," ते मागं न बघता म्हणाले. "चैत्रात पाणी उतरतं, गढूळपणा जातो. आत्ता वाराही पडलाय. जरा वेळानं पश्चिमेचा पछुवा सुटला की दोरी फेकता यायची नाही."

काकूंनी पहिली मूठ सोडली. गोळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या खाली खाली गेल्या. एक काळी पाठ खालून वर आली, गोळीपाशी थबकली आणि सर्रकन वळून गेली. दुसरी मूठ. पुन्हा तेच. माशांना भूक होती, येत होते, पण तोंड लावत नव्हते.

वरच्या पायरीवर नीरजा कमरेला हात लावून उभी होती. "आई, खातायत का गं?"

"खातील. तू बस. उन्हात उभी राहू नकोस."

काकूंचा आवाज खणखणीत होता. त्यांनी तिसरी मूठ भरली. बांधलेल्या नावेतून मोहन मल्लाह म्हणाला, "काकी, मछली तो आज आपसे रूठी है।"

"तू आपली नाव बघ," काकू त्याच्यावर उखडल्या.

एवढ्यात गळकाठीची चक्री कर्रकर्र वाजली. काठी कमान झाली. "लागला एकदाचा," देवव्रतराव ओरडले. मासा थेट मोहनच्या नावेखाली घुसला, दोरी तारेसारखी ताणली गेली. तो ओढायचा, हे सैल सोडायचे. तो दमायचा, हे गुंडाळायचे. काकू बघत राहिल्या. पोरीच्या नवसाचं पाणी हे गृहस्थ असं घुसळून काढत होते, आणि तोंडावर आनंद मावत नव्हता. अखेर मोठा थोरला रोहू पायरीशी आला, कुशीवर पडून धापा टाकत.

"बघा आई, काय देखणा आहे. आत्ता सोडतो."

"थांबा."

गेल्या सहा वर्षांत काकू जावयांशी थेट असं कधी बोलल्या नव्हत्या. त्या लुगडं सावरत पाण्यात उतरल्या आणि वाकल्या. माशाच्या ओठात गळ होता. गळावर पीस नव्हतं. पांढरा, गोल वळलेला, दोऱ्यानं आवळलेला कापूस होता. देवघरातल्या वातींचा.

"हे काय?"

देवव्रतराव हसले. "पिसाकडे इथले मासे बघेनात. तुमच्या गोळ्यांवर मात्र तुटून पडायचे. म्हटलं, गोळीच बांधावी. पाडव्यालाच वाती नीरजेकडून मागून घेतल्या. हुबेहूब झालीय ना?"

वरून नीरजा म्हणाली, "मला वाटलं, पूजेला हव्यात."

काकूंनी गळ स्वतः काढला. रोहूला दोन्ही हातांत धरलं. तो बराच वेळ तसाच पडून राहिला, मग शेपटीचा एक हिसका देऊन खोल गेला. पछुवा सुटला होता, पाण्यावर काटा फुलत होता. काकूंनी उरलेल्या गोळ्यांतली एक सोडली. कोणी आलं नाही. देवव्रतरावांचं हसू तोवर ओसरलं होतं.

"दोन दिवसांत विसरतील आई. माशांना कुठं आठवण असते?"

काकूंनी परात त्यांच्या हातांत दिली.

"देवव्रतराव, पोरीचं काय व्हायचं ते रामाच्या हाती. ते मी तुमच्या माथी मारायची नाही. आणि मासे चोरले असतेत तर चोर म्हणून सोडूनही दिलं असतं. तुम्ही माझ्या दाण्यात काटा घातलात, माझं नाव पुढं करून. आता बसा इथं. आज बसा, उद्या बसा, बारसं होईस्तोवर बसा. मासा तुमच्या हातची गोळी खाईल त्या दिवशी मी पाट मांडीन, रांगोळी घालीन. तोवर माझ्या घरी तुम्हाला पाणीसुद्धा मिळायचं नाही."