सुपडू, तुकईथड

बाबा गेल्यावर आईने त्यांचा फोन चालूच ठेवला. रक्त लागलं की लोक त्याच नंबरवर फोन करायचे, आणि तेराव्यानंतरही करत राहिले. मी रजा वाढवून बुऱ्हाणपुरात थांबले होते, म्हणून ते फोन मी घेऊ लागले.

निवृत्तीनंतर बाबा रक्तदाते जमवायचे. वसंत सर म्हणून त्यांना शहरात आणि पार खकनारपर्यंत लोक ओळखत. कोणाचा रक्तगट कोणता हे त्यांना पाठ असे. पुढे पाठ राहीना, तेव्हा मी त्यांना एक अ‍ॅप करून दिलं. मोठ्या डेटाबेसची गरज नव्हती. जावास्क्रिप्टची एक छोटी तयार लायब्ररी घेतली. तिचं काम स्वयंपाकघरातल्या फळीसारखं आहे. डब्यावर चिठ्ठी, डब्यात जिन्नस. चिठ्ठीला की म्हणतात, जिन्नसाला व्हॅल्यू. की सांगा, व्हॅल्यू मिळते. त्याच कीखाली नवं ठेवलं तर जुनं जातं, आणि लायब्ररी काही विचारत नाही. तिचा फायदा असा की तोच कोड फोनवर चालतो आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येही. फोनवर ती फोनच्या जागेत साठवते, ब्राउझरमध्ये ब्राउझरच्या. इकडचं तिकडे मात्र नेत नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग दोन्हीकडे लिहीन, दोनदा लिहिलेलं लक्षात राहतं.

की म्हणून मी फोन नंबर घेणार होते. ते त्यांनी खोडून काढलं.

"नंबराने कोणी माणसाला हाक मारतं का? नाव घे."

आडनावही नको म्हणाले. एकेका गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच असतं.

बुधवारी सकाळी भाईदास नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी रंजिता बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बाळ झालं होतं, रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीतली शेवटची पिशवी चढवून झाली होती. एकाला खंडव्याला पाठवलं होतं, पण तिथे मिळेलच असं नव्हतं. डॉक्टरांनी दुपारपर्यंत दाता आणायला सांगितलं होतं.

मी बाबांच्या फोनवर गटाने शोधलं. प्राजक्ता नावाची शिक्षिका सापडली, तिने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. वामनराव मुलाकडे नाशिकला गेले होते. आणखी कोणी नव्हतं.

"आणि सुपडू?" आईने विचारलं.

सुपडू टाकलं. बी पॉझिटिव्ह, खकनार.

"नाही गं, हा तो नाही. तो तुकईथडचा. त्याचं रक्त सगळ्यांले चालते आणि त्याले कोणाचंच चालत नाही. हे म्हणायचे, त्याले जपून वापरायचं."

तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि त्याचं नाव सुपडू ठेवतात. तापीच्या दोन्ही काठांना गावोगाव सुपडू आहेत. शेवटच्या आजारपणात बाबा पडल्यापडल्या फोनवर नवी नावं घालत होते. खकनारचा सुपडू आला आणि तुकईथडचा पुसला गेला. फोनच्या यादीत त्यांनी आम्हा घरच्यांचेच नंबर ठेवले होते, बाकी सगळे अ‍ॅपमध्ये.

पण दिवाळीनंतर त्यांना खुर्चीत बसवत नव्हतं. त्यामुळे कॉम्प्युटरवर दिवाळीपर्यंतचीच नावं होती आणि तुकईथडचा सुपडू तिथे अजून असणार होता. तो कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचा म्हणून आईने दोन दिवसांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या, ललितच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाठवला होता. मी ललितला फोन लावला.

"दीदी, टाइमावर बोललीस. आत्ता फॉरमॅट मारायलेच बसलो होतो."

"मारू नकोस."

"मग नुसता ब्राउझर साफ करू? भोत स्लो आहे."

ब्राउझर साफ केला असता तर नेमकी तीच जागा रिकामी झाली असती. मी त्याला माउस सोडून दुकानाबाहेर उभं राहायला सांगितलं. राजपुऱ्यातल्या घरून रिक्षाने पोचले तेव्हा तो खरंच पायरीवर हाताची घडी घालून उभा होता.

"काही टच नाही केलं. पण काका रक्ताचं काम करायचे का क्रिकेटचं? सगळे टॅब स्कोअरचेच हायेत."

अ‍ॅप उघडलं, नाव टाकलं. सुपडू, ओ निगेटिव्ह, तुकईथड, नंबर. खाली बाबांनी लिहिलं होतं: जेवून निघायला सांगणे.

मी बाबांच्याच फोनवरून नंबर लावला.

"बोला सर," तिकडून आवाज आला.

"मी सरांची मुलगी बोलते, ज्योत्स्ना."

"सर कुठे हायेत?"

आतापर्यंत ही बातमी दुसऱ्यांनी दिली होती. आईने, भावाने, नातेवाइकांनी. फोन करणाऱ्यांनाही ती आधीच कळलेली असायची, मला कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

"सर गेले. महिना होईल."

त्याच्या मागे शेतातली मोटार चालू होती. ललित उगाच एक वायर गुंडाळत बसला.

"माले कोणी सांगितलंच नाही," सुपडू म्हणाला. मग विचारलं, "रक्त कोणाले पाहिजे?"

मी सांगितलं. तो केळीत पाणी देत होता, म्हणाला, असाच निघतो.

"जेवून निघा."

"हो."

तो पुतण्याच्या मोटरसायकलवर दवाखान्यात आला. पन्नाशीचा, उंच, पायाला बागेतला चिखल तसाच. रक्त देताना त्याने बाबांबद्दल विचारलं आणि मी आजारपणाचं सगळं सांगितलं, जेवढं घरी आलेल्यांना आई सांगायची तेवढं. तो ऐकत राहिला. नंतर चहा पिऊन लगेच परत निघाला. संध्याकाळी भाईदासांचा फोन आला. रक्तस्राव थांबला होता आणि रंजिताने बाळाला जवळ घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घरी आणला आणि अ‍ॅपमध्ये की बदलली. आता नावाबरोबर गावही लिहावं लागतं. मग कॉम्प्युटर आणि फोन शेजारी ठेवून एकेक नाव पडताळायला बसले. प्रत्येकाला फोन करून गट आणि गाव विचारायचं होतं, आणि ज्यांना कळलं नव्हतं त्यांना सांगायचं होतं. भिकन नावाचेसुद्धा दोन निघाले, एक फोनमध्ये, एक कॉम्प्युटरवर. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसऱ्याने उचलला. "बोला सर," तो म्हणाला.