वीतभर आत

गावच्या फुटबॉल क्लबने तो चषक जिंकला त्याला इतकी वर्षं लोटली होती की सामना पाहिलेल्या माणसांची संख्या एव्हाना कमी व्हायला हवी होती. ती दर वर्षी वाढतच होती! मैदानात त्या काळी जेमतेम तीनेक हजार माणसं मावायची, पण आता उठून जो तो म्हणायचा, आम्ही होतो. नंतर जन्मलेली मंडळीसुद्धा अशा काही रंगात येऊन सांगायची की आईच्या पोटातून बघत होती की काय असं वाटावं. आणि या सगळ्या साक्षीदारांचा मुकुटमणी होता चौकातला चष्मेवाला. शेवटच्या मिनिटाचा तो गोल झाला तेव्हा हा बरोबर गोलच्या जाळ्यामागे बसला होता. "वीतभर आत होता चेंडू," असं म्हणून तो वीत पसरून दाखवायचा. "या डोळ्यांनी पाहिलाय!" आता चष्मेवाल्याच्या डोळ्यांवर कोण संशय घेणार? लोक त्याला साक्षीदारच म्हणायचे.

या वर्षी क्लबने मोठा सोहळा ठरवला, आणि सोहळा म्हटला की विशेषांक आलाच. त्यासाठी औषधवाल्याची मुलगी बाजारभर एकच प्रश्न विचारत फिरत होती, की इतिहासातला कुठला सामना प्रत्यक्ष बघायला आवडेल? शिंप्याने कुठल्यातरी परदेशी फायनलचं नाव सांगितलं. न्हाव्याने मुष्टियुद्धाची एक लढत सांगितली आणि गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून ती करूनही दाखवली. मुलगी चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा साक्षीदार एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होता.

"काका, तुम्हाला विचारण्यात काही अर्थच नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर सगळ्यात भारी सामना बघून बसलायत."

"तोच," साक्षीदार मान वर न करता बोलून गेला.

"तोच काय?"

"तोच सामना बघायला आवडेल."

"परत?"

स्क्रू हातातून निसटून काचेच्या टेबलावर टपकला. "हो, परत. परतच म्हणायचं होतं मला," तो घाईघाईने म्हणाला. मुलगी हसून निघून गेली. गल्ल्याजवळ काचा पुसत बसलेल्या बायकोने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा काचा पुसायला घेतल्या.

आता खरं सांगायचं तर साक्षीदाराने त्या दिवशी काहीही पाहिलं नव्हतं. तो मैदानात होता, हे शंभर टक्के खरं. पण आत शिरताना फाटकाशी जी चेंगराचेंगरी झाली तीत कुणाचं तरी कोपर लागलं, त्याचा चष्मा खाली पडला आणि मागून येणाऱ्या जनतेने त्याचा चुरा केला. त्याचा नंबर असा जबरदस्त की चष्म्याशिवाय समोरचा माणूस उभा आहे की बसलाय, हेसुद्धा कळायची पंचाईत. परत फिरावं तर मागून लोंढा. जागा मात्र मिळाली थेट गोलमागे! नशीब थट्टा करतं ते असं. त्या हिरव्या धुक्यात लाल आणि निळे ठिपके पळत होते, आणि शेजारचा जाड्या ओरडला की त्यापाठोपाठ हाही ओरडत होता. दर वेळी उशिरा. शेवटी जाड्या वैतागला. "तू काय झोपेत सामना बघतोयस का रे?"

घरी गेल्यावर खरं सांगता आलं असतं. पण वडिलांनी दारातच विचारलं, "गोल पाहिलास?" आणि याच्या तोंडून गेलं, "वीतभर आत होता." बस्स. पुढे त्याने चष्म्याचाच धंदा धरला, त्याचं कारणही कुणाला कधी कळलं नाही.

सोहळ्याच्या तीन-चार दिवस आधी एक म्हातारा दुकानात आला. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट. तो दारात उभा राहून म्हणाला, "समारंभाला आलोय. समोरचे चेहरे तरी नीट दिसावेत म्हटलं. नंबर तपासून द्याल का?"

साक्षीदाराने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलायला घेतलं. हे बरं की ते बरं, असं चाललं होतं, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "मी त्या सामन्याचा लाइन्समन."

साक्षीदाराच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. त्या गोलवरून अजून भांडणं होत होती. हरलेल्या संघाचं म्हणणं, चेंडू रेषेवरच होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर नेमका तेव्हा रीळ बदलत होता. मग उरलं काय? या माणसाचा वर गेलेला झेंडा. त्याच झेंड्यावर क्लबची इमारत, काचेच्या कपाटातला चषक आणि साक्षीदाराची सगळी इज्जत उभी होती.

"तुम्ही जाळ्यामागे होतात म्हणे," लाइन्समन म्हणाला. "म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आलो. मला खरं सांगा. चेंडू आत होता?"

"म्हणजे काय! तुम्हीच तर झेंडा..."

"मला दिसला नाही." म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "ऐन वेळी त्यांचा बचावपटू आडवा आला. सगळं मैदान चिडीचूप. रेफ्री माझ्याकडे बघतोय. आणि जाळ्यामागून एक माणूस ओरडला, गोल! एकटाच. मग बाकीचे. मी म्हटलं, हा तर समोर बसलाय, याने पाहिलं असणार. केला झेंडा वर. तेव्हापासून मनाला टोचणी आहे हो. रविवारी मला स्टेजवर बोलायचंय. तुम्ही पाहिलं असेल तर सांगा, मी सुखाने बोलेन. नसेल, तर मला दिसला नाही हे तिथे सांगून टाकणार आहे. आता हे ओझं घेऊन मरायचं नाही मला."

 वीत पसरायला साक्षीदाराचा हात शिवशिवत होता. हजार वेळा मारलेली थाप, आणखी एकदा मारायला असं काय लागतं? म्हातारा सुटला असता, चषक कपाटात राहिला असता, आपणही राहिलो असतो. पण त्या जाड भिंगांतून मोठाले झालेले दोन डोळे इतक्या विश्वासाने त्याच्याकडे बघत होते की जीभ उचलेना. इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकायला हवी होती सगळ्यांना, पण ती खरी असायची गरज कुणालाच पडली नव्हती. या एका माणसाला पडली होती, आणि त्याच्याशी खोटं बोलायची साक्षीदाराला लाज वाटली. मनापासून लाज वाटली.

"माझा चष्मा फुटला होता," तो म्हणाला. "मला काही दिसलं नाही. बाकीच्यांच्या मागोमाग मीही ओरडलो."

"जाळ्यामागे नेमके कुठे होतात?"

"खांबाजवळ. शेजारी एक जाड्या होता, पिवळ्या टोपीतला."

लाइन्समनने हळूच नाकावरची फ्रेम उतरवली. "ओरडणारा माणूस त्या पिवळ्या टोपीच्या शेजारी होता. त्याच्याआधी कुणी ओरडलं नव्हतं."

साक्षीदार स्टुलावर बसलाच. आठवलं. सगळा वेळ उशिरा ओरडून त्याचं हसं झालं होतं. शेवटी ठिपके सगळे एका जागी गोळा झाले तेव्हा त्याने ठरवलं होतं, की काय वाट्टेल ते होवो, या खेपेला आपण पहिले ओरडायचं. आणि तो ओरडला होता. एवढंच.

"अहो, म्हणजे गोल मी केला!" तो कसाबसा म्हणाला.

म्हातारा असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी दोघांचं ठरलं. रविवारी काय ते खरं सांगायचं, दोघांनीही, मग लोक दगड मारोत नाहीतर चषक परत करोत. त्या रात्री साक्षीदाराला धड झोप लागली नाही.

रविवारी मैदान खच्चून भरलं. लाइन्समन माइकपुढे उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "मला चेंडू दिसला नव्हता." मग पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय विनय आहे बघा!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. म्हातारा हात हलवून नाही-नाही म्हणतोय, लोक उठून उभे राहतायत. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "काकांना दिसला नसेल, पण आपले साक्षीदार आहेत ना! या हो, या वर!"

साक्षीदार वर चढला. "माझा... माझा त्या दिवशी चष्मा फुटला होता," तो म्हणाला. "मला गोल दिसलाच नाही. मी आपला उगाच ओरडलो."

मैदान हसून हसून फुटायचं बाकी राहिलं. "दुकानाची जाहिरात!" शिंपी ओरडला. अध्यक्ष रुमालाने डोळे टिपत होते. मागून न्हावी उठला, जो त्या वर्षी शाळेत होता आणि तोही दुसऱ्या गावी. "अहो, थट्टा पुरे! मी शेजारीच बसलो होतो की तुमच्या! दोघांनी मिळून पाहिला आपण, वीतभर आत!" यावर तर लोकांनी खुर्च्या बडवल्या. साक्षीदार पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि लोक पुन्हा पुन्हा हसत राहिले.

खाली उतरल्यावर लाइन्समनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आपण सांगितलं ना? झालं तर," तो म्हणाला, आणि खरोखरच हलका झालेला दिसत होता. साक्षीदार मात्र हलका झाला नव्हता. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि एका माणसाचाही विश्वास बसू नये, याचं त्याला रडू येत होतं.

घरी परतताना बायको शेजारून मुकाट्याने चालत होती. औषधाच्या दुकानापाशी आल्यावर तो म्हणाला, "सगळे हसले. तू तेवढी हसली नाहीस."

"हसू कशाला? तुम्ही खरं बोलत होतात."

तो थबकला. "तुला कसं कळलं?"

"अहो, इतकी वर्षं ऐकतेय. थाप मारताना तुम्ही कधी अडखळत नाही."

ती दोन पावलं पुढे गेली आणि मग वळून उभी राहिली.

"एक विचारू? लग्नाआधी मला पहिल्यांदा पाहिलंत, आणि मग गावभर सांगत सुटलात की अशी मुलगी आजवर पाहिली नाही म्हणून. तेव्हा चष्मा होता ना डोळ्यांवर?"

"हो... म्हणजे, होता. होता ना. नवा... नवाच केला होता," साक्षीदार म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून चालायला लागली.