कपाटामागची फट

वादळ सोमवारी आलं, बुधवारी पाणी ओसरलं आणि गुरुवारी सासूबाईंनी भिंती घासायला घेतल्या.

आम्ही दोन रात्री शाळेच्या वर्गात काढल्या होत्या. घरी आलो तेव्हा मागच्या खोलीवरचे पत्रे उडून गेले होते, त्यातला एक समोरच्या शिंप्याच्या अंगणात उभा होता. घरात घोट्याएवढा चिखल. भिंतीवर माझ्या छातीपाशी पाण्याची तपकिरी रेघ, अगदी पट्टी लावून मारल्यासारखी. आणि मागच्या भिंतीत एक भेग, वरपासून खालपर्यंत. मी कपाळाला हात लावून दारातच बसले. सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "बसून चिखल जात नसतो."

पुढचे आठ दिवस त्या एकट्या चार माणसांचं काम करत होत्या. वय बहात्तर. आमचे हे बस चालवतात, त्यांना त्या आठवड्यात सुट्टीच नव्हती, माणसं एका गावाहून दुसरीकडे हलवायची होती. यांनी मागच्या खोलीवर ताडपत्री बांधली, एवढंच. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. वादळानंतर औषधाचं दुकान बंद ठेवून चालत नाही. त्यामुळे घर सासूबाईंच्या ताब्यात. त्यांनी चिखल उपसला, फरशी घासली, ओळखीच्या गवंड्याला हाताला धरून आणलं आणि भेग बुजवून घेतली. वर चुना मारला. दोन हात. रेघ गेली, भेग गेली. पडदेसुद्धा धुऊन परत लागले.

समोरचा शिंपी नेमका उलट. त्याच्याकडचा फ्रीज दारात आडवा पडला होता, तो त्याने तसाच ठेवला. घरातली माणसं त्याच्यावरून उडी मारून आत-बाहेर करत होती. मी विचारलं तर म्हणाला, "पुराव्याला हात लावायचा नाही, वहिनी. निधीवाले येऊन बघून जाऊ देत, मग उचलतो."

निधी म्हणजे घरदुरुस्ती निधी. चार-पाच संस्थांनी मिळून उभा केला होता. त्यांचा माणूस घरोघर येऊन नुकसान बघणार आणि अक्षर देणार. अ म्हणजे घर नव्यानं बांधून मिळणार. ब म्हणजे भिंती आणि छप्पर. क म्हणजे पत्रे आणि रंग.

तो माणूस आमच्याकडे आला त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले होते. पन्नाशीचा, थकलेला, हातात मोजपट्टी. तिच्यामुळेच गल्लीत त्याचं नाव इंचपट्टी पडलं होतं. मी पोचले तेव्हा तो आमच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. पाहुण्यांचे कप बाहेर निघाले होते. बशीत बिस्किटं.

"पाणी किती आलं होतं, आजी?"

"आलं होतं आपलं थोडं."

"भिंतींना भेगा वगैरे?"

"घर म्हटलं की एखादी असायचीच. तुम्ही बिस्किट घेतलं नाहीत."

"मागची भिंत?"

"ती काय, उभी आहे. तुम्ही असं करा, समोर शिंप्याकडे जा आधी. त्यांचे फार हाल झालेत बिचाऱ्यांचे. फ्रीज उचलायलासुद्धा माणूस नाही."

मी तोंड उघडेपर्यंत त्यानं फॉर्मवर खूण केली होती. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी निम्मी हयात गेली, उलटा धरलेला फॉर्म वाचणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. क.

"अहो साहेब," मी म्हटलं, "इथे छातीपर्यंत पाणी होतं. ती भिंत फुटली होती."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत दुधासारखी पांढरी. "ताई, मी जे दिसतं ते लिहितो," तो म्हणाला. "माझ्याकडे रोज शंभर जण छातीपर्यंत म्हणतात." मग सासूबाईंकडे वळून, "चहा छान होता," आणि गेला.

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं.

"आई, तू त्याला थोडं म्हणालीस?"

"मग काय, दाराशी आलेल्या माणसापुढे गळा काढू? तुझे वडील गेले तेव्हासुद्धा मी चार लोकांत रडले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आई," मी म्हटलं, "मूठ उघडली असती तर खरंच लाखभर मिळाले असते."

"तू दुकानात बोल अशी. घरात नको."

विषय मिटला असता. पत्रे मिळत होते, रंग मिळत होता, दुसऱ्यांची याहून वाईट अवस्था होती. पण तीन दिवसांनी गवंडी दुकानात पाठीला लावायचं मलम घ्यायला आला. पैसे देऊन झाले तरी घुटमळत उभा.

"वहिनी, तुमच्या त्या मागच्या भिंतीवर पत्रे चढवू नका हं."

"का?"

"एका बाजूनं पाया धुऊन गेलाय. वजन घेणार नाही ती. यंदा नाही तर पुढच्या वादळात बसणार खाली."

"मग बुजवलीत कशाला भेग?"

"आजी डोक्यावर उभ्या होत्या." त्यानं मलमाची डबी खिशात टाकली. "मी सांगितलं त्यांना, वरून कीर्तन आतून तमाशा आहे हा. त्या म्हणाल्या, तू कीर्तनाचं बघ."

"हे निधीच्या ऑफिसात लिहून द्याल?"

"काय लिहून देऊ, की पडणारी भिंत मीच रंगवून दिली? मला कामाला कोण बोलवेल उद्या?"

सासूबाईंची खाट त्या भिंतीला लागून आहे. माझं सगळं दुपारचं गिऱ्हाईक त्या दिवशी चुकीच्या गोळ्या घेऊन जाता जाता वाचलं.

घरी येऊन मी त्यांना म्हटलं, खाट पुढच्या खोलीत घेऊ. त्या म्हणाल्या, पुढची खोली तुमची आहे, मी काय पाहुणी आहे का मधे येऊन पडायला. यांनी सांगून पाहिलं. "माझी जागा तीच," एवढंच उत्तर.

फेरतपासणीचा अर्ज पंधरा दिवसांच्या आत करायचा होता. शाळेच्या हॉलमध्ये निधीची टेबलं लागली होती. दीड तास रांगेत उभी राहिले. टेबलावरच्या मुलीनं अर्ज घेतला आणि विचारलं, "फोटो?"

"नाहीत. आमचे फोन पाण्यात गेले."

"शेजाऱ्यांनी काढलेले?"

"शेजारी स्वतःचे काढत होते."

"मग आधार काय लिहू?"

मी विचार केला. "घरात एक फार टापटीप बाई आहे, असं लिहा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली नाही, आणि 'मौखिक' असं लिहिलं. पण अर्ज घेतला. परत एकदाच माणूस येईल, तो लिहील ते अखेरचं, असं बजावलं.

तो येणार त्याच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंसमोर बसले. म्हटलं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. हे तर परके लोक. तुम्ही रडू नका, फक्त जे झालं ते सांगा. गवंड्यानं काय सांगितलं तेही बोलले. त्या भाजी निवडत होत्या. "बरं, सांगीन," म्हणाल्या. इतक्या सहज, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. दहा वाजता इंचपट्टी आला आणि त्याच्याबरोबर एक इंजिनियर बाई. चाळिशीच्या, पायात गमबूट, केस रुमालात बांधलेले. फरशी अजून ओली होती. सासूबाईंनी सकाळी पुसून घेतली होती. पाहुण्यांचे कप पुन्हा बाहेर.

"या, बसा. उगाच तुम्हाला दोनदा त्रास," सासूबाई म्हणाल्या. "तसं काही फार नाही हो आमच्याकडे. सुनेला जरा काळजी करायची सवय आहे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

इंजिनियर बाई बसल्या नाहीत. चहाला नको म्हणाल्या. दोन्ही खोल्यांतून फिरल्या, भिंतींवरून हात फिरवला, खिडकीच्या चौकटीत बोट घालून बघितलं. बोट स्वच्छ निघालं. मग त्यांनी पेन काढलं आणि इंचपट्टीला म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. इथे पाणी आल्याचं काही चिन्ह नाही. आलं असेल तर उंबऱ्यापर्यंत."

"उंबऱ्यापर्यंत?" सासूबाई म्हणाल्या.

"फार तर."

"बाई, तुम्ही घर कधी झाडलंय का?"

मी डोळे मिटून घेतले. आता चहाचं काही खरं नाही.

"उंबऱ्यापर्यंत आलेल्या पाण्याला एक दिवस लागतो. मी आठ दिवस उपसत होते. त्र्याहत्तर बादल्या चिखल काढला, मोजून. त्या खिडकीच्या चौकटीत तुम्ही बोट घातलंत ना, ती मी विणायच्या सुईनं कोरून काढली आहे. उंबऱ्यापर्यंत म्हणे." त्या उठून कपाटाकडे गेल्या आणि दार उघडलं. "हा खालचा कप्पा, हा दुसरा, हा तिसरा. तिन्हीतले कपडे तीन तीनदा धुतले, तरी वास जात नाही, घ्या वास. चौथा कोरडा होता. म्हणजे पाणी इथवर. लावा तुमची पट्टी."

इंचपट्टीनं निमूट पट्टी लावली. "एकशे अठरा सेंटिमीटर," तो म्हणाला.

"उंबरा केवढा आहे आमचा?"

त्यानं पट्टी गुंडाळून घेतली.

"आणखी काय साफ केलंत, आजी?" इंजिनियर बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. पेन कागदावर टेकलं होतं.

मग काय. सासूबाई पुढे आणि त्या मागे. चूल कुठे वाहत गेली होती, कुठल्या कोपऱ्यात फरशीवर पाय दाबला की खालून अजून पाणी येतं, कुठली फरशी वाजते. मी तीस वर्षं त्या घरात आहे, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. शेवटी त्या मागच्या खोलीत, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या उंच कपाटापाशी थांबल्या.

"हे कपाट लग्नापासून इथेच आहे. याच्यामागे मी काठीला फडकं गुंडाळून झाडते, दर आठवड्याला. आधी फडक्याची एक घडी कशीबशी जायची, वर पण आणि खाली पण. आता खाली तेवढीच जाते." त्यांनी हात उंचावून कपाटाच्या वरच्या टोकामागे घातला. चारही बोटं आरामात आत गेली. "इथे हे बघा."

"कपाट झुकलं असेल," इंचपट्टी म्हणाला.

"कपाट झुकलं असतं तर त्याचं दार आपोआप उघडलं असतं. नाही उघडत. भिंत गेलीय बाहेर." आणि हात बाहेर काढत, "पहिल्या आठवड्यात तीन बोटं होती."

इंजिनियर बाईंनी पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं पितळी वजन, आणि मागच्या गल्लीत जाऊन भिंतीच्या माथ्यावरून बाहेरच्या बाजूनं सोडला. वजन हललं, हललं आणि स्थिर झालं. त्यांनी खाली वजन आणि भिंत यांच्यामधलं अंतर मोजलं. चार बोटंच होती.

"गिलावा थोडा काढून बघावा लागेल," त्या आत येऊन म्हणाल्या. "चालेल?"

चुना अजून महिन्याचाही नव्हता. इंजिनियर बाईंनी हातोडी खाली धरून ठेवली होती, घाई केली नाही.

"काढा," सासूबाई म्हणाल्या. आणि हातोडी उचलली तेव्हा, "थांबा, खाली कागद घालते."

कागदावर पांढरे पापुद्रे पडले, मग करडे, मग माती. आतली भेग हाताचा पंजा जाईल एवढी होती. तिच्यातून मागच्या गल्लीतला उजेड दिसत होता.

"आजी, हे त्या दिवशीच सांगायचं ना," इंचपट्टी म्हणाला. तसा बिचारा मनानं वाईट नव्हता.

"तुम्ही विचारलंत कुठे? पाणी किती आलं ते विचारलंत. साफ किती केलं, ते कोणी विचारतं का?"

फॉर्मवर क खोडून ब झालं. मागची भिंत पायापासून, दोन्ही खोल्यांचं छप्पर, फरशीखालची भरणी. भिंत पावसाआधी पाडायची आणि तोवर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, असं त्यांनी वेगळं लिहिलं. खाली एक ओळ होती: वरील नुकसान माझ्या घराचे असून ते मला मान्य आहे. सही घरमालकाची. घर सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं आता काही तरी निघणार. पण त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, सावकाश, आणि पेन पुसून परत दिलं. इंजिनियर बाईंनी मग चहा घेतला. उभ्या उभ्याच.

ते गेल्यावर मी आणि सासूबाईंनी खाट उचलली. जड आहे ती. दारात अडकली, तिरकी केली, माझी करंगळी चेंगरली. पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवली. पाहुणीबिहुणी काही निघालं नाही.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. "भीती वाटायची मला तिथे," म्हणाल्या. आपण कुणाशी बोलतोय असं न दाखवता.

"कधीपासून?"

"शाळेतून आलो तेव्हापासून. कूस बदलली तरी कान भिंतीकडे."

"आणि आम्ही इतकं म्हणत होतो, तर..."

"म्हटलं असतं तर तुम्ही दोघं झोपला असता का? त्याला पहाटे बस काढायची असते."

मी उशी आणून दिली. त्या पाच मिनिटं म्हणून आडव्या झाल्या, आणि झोपल्या. दुपारी झोपणाऱ्या बायकांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दुपारी तोंड उघडं टाकून चार वाजेपर्यंत घोरल्या, पाच वाजले तरी उठल्या नाहीत. शिंपीण बघायला आली तर मी तिला ओट्यावरच थांबवलं. हे ड्यूटीवरून आले, दारातूनच त्यांना पाहिलं आणि जोडे हातात घेऊन आत आले.

मागच्या खोलीत कागदावर माती तशीच पडली होती. आम्ही ती उचलली नाही.