मिटल्या ओठांचा निरोप

मला स्वच्छतेची खोड आहे. फ्रिजचं रबरसुद्धा मी जुन्या टूथब्रशनं घासते. या खोडीनं आजवर फक्त घरातल्यांना वैताग आणला होता.

मांका कॅमेरूनची. इथे कुवेतमध्ये, रुमैथियात एका आजारी म्हातारीची देखभाल करायची आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटवर यायची. ओळख झाली ती कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात. ती फोनवर भावाशी बोलत होती आणि मी दही घ्यायचं विसरून ऐकत उभी राहिले. पुण्यात कधीकाळी मी भाषाशास्त्र शिकले होते. लग्न होऊन कुवेतला आले आणि ते सगळं बासनात गेलं. मांकाची भाषा चार-पाच डोंगरी गावांपुरती. तिच्यावर कुणी धड पुस्तक लिहिलेलं मला सापडलं नाही. त्या भाषेत आवाज वर चढला की एक अर्थ, खाली उतरला की दुसरा. माझ्या कानाला ते चढउतार कळेनात, तेव्हा मांका ओठ मिटून तेच वाक्य गुणगुणायची. शब्द गळून जायचे, सूर तेवढा उरायचा. मी ते छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचे आणि वहीत वरखाली रेघा काढायचे. माझा नवरा सुरेश विचारायचा, "परीक्षा कधी आहे गं तुझी?"

जूनमध्ये मांकाची आई अंथरुणाला खिळली. मांका घरातून भांडून निघाली होती. सहा वर्षं मायलेकी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या गावात मरणाऱ्या माणसाशी शब्दांनी बोलत नाहीत. कानाशी जाऊन, ओठ मिटून, सगळं सुरात सांगतात. सूर न काढता नुसतं जवळ बसून राहणं म्हणजे माफी नाकारणं.

"मॅडम, तुमच्या मशीनवर रेकॉर्ड करून घ्या," मांका म्हणाली. "माझा फोन खराब आहे. भाऊ तिच्या कानाला लावेल."

ती माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. कोण ते आईला कळावं म्हणून आधी उघड्या ओठांनी स्वतःचं नाव सांगितलं, मग चार मिनिटं गुणगुणली. मला अर्थ लागला नाही, पण रडू आलं.

ती गेल्यावर मी ते ऐकलं. मागे एसीची घरघर होती. असलं मळकट रेकॉर्डिंग का पाठवायचं? मी लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅमनं घरघर काढून टाकली. लावून पाहिलं, तर सुरुवातीचं नाव अगदी लख्ख ऐकू आलं. मी खुशीत ते भावाला पाठवून दिलं.

पुढच्या शुक्रवारी मांका आली ती दाराशीच उभी राहिली.

"आई गेली. भाऊ म्हणाला, तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा वळली नाही. मला वाटलं होतं, माफ करेल."

तुझा निरोप किती छान पोचला होता, हे तिला ऐकवावं म्हणून मी पाठवलेली फाइल लावली. नाव आलं. पुढे काहीच नाही. मी आवाज वाढवला. चार मिनिटं, काहीच नाही. मिटल्या ओठांचा सूर आणि एसीची घरघर यांतला फरक त्या प्रोग्रॅमला कळला नव्हता. भाषाशास्त्र शिकलेल्या बाईला कळला असता, पण ती बाई दहा सेकंद ऐकून थांबली होती.

मी मांकाला सगळं सांगितलं. सांगितलं नसतं, तर आईनं माफ केलं नाही असं समजून ती जगली असती. आता तिला कळलं, की लेकीनं माफ केलं नाही असं समजून आई गेली. यांतलं कमी वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती ओरडली नाही. "पहिलं रेकॉर्डिंग आहे?" एवढंच विचारलं.

होतं. मी ते माझ्या फोनवर लावून दिलं. ती त्याच भिंतीशी बसली, फोन कानाला लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नीट ऐकू येत नाही, मॅडम," ती म्हणाली. "एसी बंद करा."

बाहेर पन्नासच्या घरात ऊन होतं. मी एसी बंद केला. रेकॉर्डिंगच्या दिवशीही मी एवढंच करायला हवं होतं.