नाव घालायची जागा

रत्नम्मानं नवा पिस्टन तळहातावर तोलून पाहिला, मग दुसऱ्या हातात जुना घेतला. जुना वरवंट्यासारखा जड. नवा वाळक्या भोपळ्यासारखा.

“हे एवढं हलकं?”

“हलकं हाय म्हणून तर पळतंय, अक्का,” ईरप्पा मिस्त्री कानशीला फुंकर मारत म्हणाला. “जुनं बिडाचं. सोताचंच वजन वर-खाली करण्यात त्याचा निम्मा जीव जातोय.”

“माणसाचं काय येगळं असतंय?” असं म्हणत तिनं जुना पिस्टन आपल्या पिशवीत टाकला. मग उरलेले तीनही टाकले. ईरप्पानं पाहिलं आणि कानस परत चालवायला घेतली.

छत उघडणारी ती चाळीस वर्षांची मोटार म्हणजे नवरा, महादेवप्पा, गेल्यानंतर घरातलं एकुलतं एक मिळवतं माणूस. वरातीला जायची. वरातीत मोटारीला पळावं लागत नाही, बँडच्या मागं नुसतं चालावं लागतं. पण गेल्या वैशाखात चाटी गल्लीच्या तोंडाशी इंजन तापून बसलं आणि नवरदेवानं बाशिंग सावरत मोटार ढकलली. लोक अजून हसत होते. आता तुळशीच्या लग्नानंतरची एकच सुपारी हातात होती, अक्कलकोटची. चोवीस मैल, नवरा-नवरीला घेऊन. ती फसली तर मोटार भंगारवाल्याच्या दारात उभी राहणार होती, आणि रत्नम्मा भावाच्या.

त्यात शेजारच्या काशम्मानं बजावून ठेवलं होतं, “इंजन उघडलं की आतलं चांगलं-चांगलं काढून घेत्यात, बघ. वरचं झाकण तेवढं आपलं.”

म्हणून मिलचा सकाळचा भोंगा झाला की रत्नम्मा ईरप्पाच्या शेडमध्ये हजर. भाकरी-शेंगाचटणी घरची, पाण्याचा तांब्याही घरचा. ईरप्पानं दिलेला चहा ती घेत नसे. तांब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ‘र. म.’ घातलेलं होतं. शेजारीपाजारी लग्नाला भांडी मागायचे आणि नाव घातल्याशिवाय तिच्या घरची पळीसुद्धा उंबरा ओलांडत नसे. छिन्नी तिची स्वतःची होती, हातही तिचाच. आजवर एक वाटी हरवलेली नव्हती.

त्या दुपारी ईरप्पा जेवायला गेल्यावर तिनं फळीवरच्या क्रँककडं पाहिलं. इंजनाचा हा वाकडातिकडा दांडा सगळ्यात मोलाचा, हे तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं पिशवीतून छिन्नी काढली. खडबडीत लोखंडावर ठिपके उठून दिसेनात, म्हणून तिनं आरशासारखी गुळगुळीत जागा शोधली आणि बारीक ठोक्यांनी ‘र. म.’ घातलं. घाम फुटला, पण अक्षर सुरेख आलं.

दुसऱ्या दिवशी फळीवर क्रँक नव्हती.

“कुटं गेली?”

“होटगी रोडला, लेथवर. घासायला पायजे.”

“काल तर म्हणालास, हाय तशी बसती.”

ईरप्पानं चिंधीला हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. “काल म्हणालो. आज दिसलं.”

“काय दिसलं?”

“हाय थोडं. घासून दांडा बारीक होणार, आता बेअरिंग पण बारक्या मापाचं लागंल. पुण्याहून येऊ दे. आठ दिस धरा.”

तुळशीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

“गेली तुझी क्रँक,” संध्याकाळी काशम्मा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “कुण्या ट्रकात बसली असंल एव्हाना.”

ते आठही दिवस रत्नम्मा स्टूल पुढं ओढून बसली आणि ईरप्पा तिच्याकडं पाठ करून काम करत राहिला. नजर चुकवणारा माणूस तिला चांगला ओळखता येई. महादेवप्पासुद्धा दुकानात खोट आली की असाच पाठ करून बसायचा.

नवव्या दिवशी पोत्यात गुंडाळलेली क्रँक आली. रत्नम्मानं चष्मा लावला. गुळगुळीत जागा एकेक करून पाहिल्या, पदरानं तेल पुसून पुन्हा पाहिल्या. एक ठिपका नव्हता.

“ही माझी न्हवं.”

“तुमचीच की.”

“माझ्या क्रँकवर नाव होतं.” तिनं तांब्या उचलून त्याच्यापुढं धरला. “असं. मी सोता घातलंय. कुणाच्या गाडीत घातलीस माझी, ईरप्पा?”

ईरप्पानं क्रँक पोत्यावर हळूच उलटी केली. दोन गुळगुळीत जागांच्या मधला काळा, खडबडीत भाग चिंधीनं पुसला. तिथं खोल-खोल ठिपके होते. ‘र’ एका अंगाला कललेला, ‘म’ची गाठ भलतीकडंच गेलेली.

“हितं काय फिरत न्हाय,” तो म्हणाला. “तितं गुळगुळीत जागी बेअरिंग फिरतंय, अक्का. एक ठिपका ऱ्हायला तर अक्कलकोट यायच्या आदी बेअरिंग कातरून टाकील.” मग मोटारीकडं बघत, “मला कन्नडातच लिवाय येतंय. हे तांब्यावरचं कागदावर उतरून नेलं, त्यावरनं काढलं.”

रत्नम्मा चष्मा काढायचं विसरून त्या ‘म’कडं बघत राहिली.

“लेथवाल्यानं इचारलं असंल, कुणी केलं म्हणून.”

“व्हय.”

“काय सांगितलंस?”

“माझ्या हातनं छिन्नी घसरली म्हणालो.” त्यानं पोतं झटकून घडी घातली. “लई हसला त्यो.”

तिनं स्टूल भिंतीला लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारापर्यंत गेली.

“अक्का, तांब्या ऱ्हायला.”

“राहू दे. उद्या मी न्हाय येत. परवा गाडी आणशील तवा आण.”

“आन् हरवला तर?”

“हरवतोय कसा,” रत्नम्मा मागं न बघता म्हणाली. “नाव हाय की त्याच्यावर.”